भंगारातले विमान आणि वळचणीची पाभर



निळ्या समुद्रावरून उडणाऱ्या एका जुन्या लढाऊ विमानाचे चित्र तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. त्याचे नाव स्पिटफायर. दुसऱ्या महायुद्धातले हे इंग्रजांचे विमान. शेतीच्या पानावर विमान कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण त्याचा आपल्या बीड जिल्ह्याशी जुना धागा आहे.

त्या काळी बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. निजामाने इंग्रजांच्या हवाई दलाला पैसा पुरवला, म्हणून त्यांच्या १५२ क्रमांकाच्या तुकडीला 'हैदराबाद' हे नाव मिळाले. तिच्या चिन्हावर निजामाची पगडी आली. १९४० साली या तुकडीची स्पिटफायर विमाने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, समुद्रावरच्या आकाशात जर्मन विमानांशी झुंजली. संस्थानाच्या उत्पन्नात शेतसाऱ्याचा वाटा मोठा होता. तेव्हा आपल्या आजा-पणजांचा घामही त्यात होता, असे म्हणायला हरकत नाही.

अशी वीस हजारांवर विमाने बनली. युद्ध संपल्यावर बहुतेक मोडीत निघाली. पी ७३५० या क्रमांकाचे एक विमान १९४० च्या लढाईत गोळ्या खाऊन आलेले. १९४८ साली ते भंगार म्हणून अवघ्या २५ पौंडांना, म्हणजे तेव्हाच्या सुमारे ३३३ रुपयांना विकले गेले. घेणाऱ्याने मात्र ते न मोडता हवाई दलाला परत दिले. १९६८ मध्ये एका चित्रपटासाठी ते दुरुस्त होऊन पुन्हा उडाले आणि पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ उडत राहिले. गोळ्यांच्या भोकांवरची ठिगळे अजून त्याच्या पंखावर आहेत.

हे कसे साधले? उन्हाळ्यात ही विमाने उडतात. हिवाळ्यात ती उभी करून, भाग खोलून तपासतात. बिघाड होईपर्यंत कोणी थांबत नाही.

आता आपल्या वळचणीला पाहा. पेरणी यंत्राच्या पेटीत गेल्या सालचे खत तसेच असते. खत ओल धरते आणि लोखंड खाते. मग मृगाचा पाऊस पडतो, वाफसा येतो आणि नळी तुंबलेली सापडते. मिस्त्रीकडे रांग लागते. आपल्याकडे पाऊस बेभरवशाचा. दोन दिवस गेले की ओल उडते आणि दुबार पेरणीची पाळी येते.

म्हणून पेरणी आटोपताच पेटी रिकामी करा, ब्रशने घासा, धुऊन वाळवा आणि तेलाचा हात फिरवा. फवारणीचा पंप तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवा. ते पाणी विहिरीत वा ओढ्यात जाऊ देऊ नका. वैशाखात प्रत्येक अवजार एकदा चालवून पाहा. झिजलेले वायसर, तुटलेली नळी तेव्हाच बदला. काय बदलले, कधी बदलले, हे मुलांकडून वहीत लिहून घ्या.

शंभर रुपयांचे तेल-ग्रीस वाचवून पेरणी गमावणे कोणत्याच हिशेबात बसत नाही.