चकचकीत फरशीवर एक बाटली पाणी

हा लेख ज्या फरशीविरुद्ध आहे ती मी स्वतः निवडलेली आहे. त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

देवळाली कॅम्पातल्या आमच्या घरात दिवाळीच्या आधी टाइल्स बदलल्या. आई-बाबा म्हणाले, तू पुण्यात राहतेस, हल्ली काय चालतं ते तुला कळतं, तूच ठरव. मी तीन रात्री रील्स बघितल्या, सतरा स्क्रीनशॉट काढले आणि पांढऱ्यावर करड्या शिरा असलेली, आरशासारखी चमकणारी टाइल पक्की केली. दोन फूट बाय चार फूट. हॉल, स्वयंपाकघर, पॅसेज, सगळीकडे तीच. फोटो इतके सुंदर आले की मैत्रिणींनी टाइलचं नाव विचारायला मेसेज केले. पुढच्या जुलैत, दारातून आलेल्या ओल्या चपलांच्या पाण्यावरून आजी घसरली. खुब्याचं हाड मोडलं.

आजीचं वय एकोणऐंशी. पडल्यावर ती पहिल्यांदा म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं." घरातल्या सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं. मला हेच मान्य नाही. ज्या घरात वर्षातले चार महिने ओले पाय येतात, जिथे रोज फरशी पुसली जाते आणि म्हातारी माणसं अनवाणी चालतात, त्या घरात जमिनीवर आरसा अंथरायचा आणि कुणी पडलं की त्याच्या लक्षाला दोष द्यायचा, हा चक्क निर्लज्जपणा आहे. घराच्या जमिनीला चकाकी हवीच कशाला?

पोर्सेलिनवर माझा राग नाही, हे आधी सांगते. दुकानात हा शब्द फारसा ऐकू येत नाही, तिथे 'व्हिट्रिफाइड' म्हणतात. माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झची बारीक पूड प्रचंड दाबाखाली दाबून सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला भाजली की ती जवळजवळ काचेसारखी घट्ट होते. पाणी पिण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइल्स दहा टक्क्यांहून जास्त पाणी पितात, त्यावरून फरक कळेल. चहा सांडला, हळद सांडली, पुसा आणि मोकळे व्हा. माणसाने बनवलेल्या उत्तम वस्तूंपैकी ही एक आहे. तिच्यावर आपण काय थापलं, तिथे भांडण आहे.

'शहाबादी फरशीच बरी होती बाई' म्हणणाऱ्या मंडळींच्याही बाजूची मी नाही. आमच्या मागच्या अंगणात शहाबादी आहे. पावसाळ्यात तिच्यावर हिरवं शेवाळ धरतं आणि मीच तिथे दोनदा आपटले आहे. आमच्या हॉलमध्ये आधी लाल-पिवळ्या नक्षीच्या सिमेंटच्या टाइल्स होत्या. मुंबईत १९२२ साली पेस्तनजी नव्हे, फिरोजशा आणि रुस्तम सिधवा या पारशी काका-पुतण्यांनी भारत टाइल्स सुरू केली, त्या काळापासून तसल्या फरश्या इकडच्या बंगल्यांत दिसू लागल्या. सुंदर होत्या, पण आमच्या चार जागी खचल्या होत्या. बदलणं गरजेचं होतं. चूक बदलण्यात नव्हती, कशाने बदललं त्यात होती.

चमक येते कशी ते बघा. पृष्ठभाग घासून घासून इतका सपाट करतात, किंवा त्यावर काचेसारखा थर चढवून तो पॉलिश करतात, की उजेड विखुरत नाही, सरळ परत येतो. कोरडी असताना अशी फरशी फारशी त्रास देत नाही. पाणी आलं की पाय आणि टाइल यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा तयार होतो. खरखरीत टाइलवर ते पाणी बाजूच्या बारीक खोलगटात सरकतं आणि पायाला पकड मिळते. गुळगुळीत टाइलवर पाण्याला जायला जागाच नाही. मग पाय पाण्यावर तरंगतो. यात 'लक्ष नव्हतं' कुठे आलं?

ही घसरण मोजता येते. जर्मनीत चाचणी करणारा माणूस उतरत्या फळीवर टाइल लावून चालतो आणि फळीचा उतार हळूहळू वाढवत नेतात. बूट घालून, तेलावर चालला तर आर-९ ते आर-१३ असा दर्जा मिळतो. अनवाणी, साबणाच्या पाण्यावर चालला तर ए, बी, सी. आंघोळीच्या जागेला किमान बी हवा असं मानलं जातं. बऱ्याच भारतीय कंपन्याही हा आकडा कॅटलॉगमध्ये छापतात, पण विचारतं कोण? मी दुकानात दीड तास होते. फिनिश, शेड, 'बुकमॅच' शिरा, सगळं विचारलं. ओली झाल्यावर काय होतं, हा एक प्रश्न माझ्या तोंडून निघाला नाही आणि दुकानदारालाही तो काढायची गरज वाटली नाही. दुकानात वरून इतके दिवे सोडलेले असतात की तिथे विटेचा तुकडासुद्धा चमकेल.

आणि ते 'इटालियन' प्रकरण! नावं सगळी कारारा, स्टॅट्युआरिओ वगैरे. खोक्यावर बघा, बहुतेक वेळा मोरबी लिहिलेलं सापडेल. देशातल्या बहुतांश टाइल्स गुजरातेतल्या या एका गावाच्या आसपास बनतात. इटालियन संगमरवराचा फोटो तिथे इंकजेट यंत्राने टाइलवर छापतात, वर पारदर्शक थर देतात. म्हणजे मी मोबाईलवर फोटो बघून एका फोटोचा फोटो विकत घेतला. छपाई वरच्या पातळ थरातच असते. त्यामुळे दारात चपलांबरोबर येणाऱ्या मुरुमाने आमच्या पहिल्या दोन ओळी वर्षभरात ओरखडल्या. आमच्या गावाने इंग्रजीला वेडेपणासाठी 'डूलाली' हा शब्द दिला. परतीच्या जहाजाची वाट बघत इथे पडून राहिलेल्या गोऱ्या सोजिरांवरून तो आला. टाइल्सच्या बाबतीत आम्ही तो शब्द पुन्हा कमावतो आहोत, आणि वाट न बघता.

समोरून नेहमीचा युक्तिवाद येतो: मॅट टाइलवर मळ बसतो. बसतो, खोटं कशाला बोलू. आर-११च्या वरची खरखरीत टाइल पुसायला जीव काढते, ती घरात सगळीकडे लावा असं मी म्हणणारही नाही. पण मधल्या पायऱ्या आहेत. साधी मॅट किंवा साटीन फिनिश हॉलला पुरते, जरा जास्त पकडीची बाथरूमला आणि गॅलरीला. हलकासा मळ दिसत नाही म्हणून चकाकी घ्यायची, हे गणितही उलटं आहे. चकचकीत पांढऱ्या फरशीवर प्रत्येक पाऊल, प्रत्येक केस, फडक्याचा प्रत्येक फराटा दिसतो. आई दिवसातून दोनदा पुसते. म्हणजे दिवसातून दोनदा ती ओली असते.

आता चकाकीने जे झाकलं त्याकडे येते. आमचं सगळं बजेट टाइलवर गेलं, म्हणून ती बसवण्यात काटकसर झाली. मिस्त्रीमामा जुन्या पद्धतीचे, हात चांगला. त्यांनी टाइल्स पाण्याच्या टबात भिजत घातल्या. अर्धा टक्काही पाणी न पिणारी वस्तू भिजवून काय होणार? पण पन्नास वर्षं सिमेंटची आणि सिरॅमिकची टाइल तशीच बसवत आले, आणि नवा माल आल्यावर नवी पद्धत त्यांना कुणी शिकवलीच नाही. ही टाइल पाणी ओढत नसल्यामुळे साधा सिमेंटचा माल तिच्या गुळगुळीत पाठीला नीट धरत नाही. तिला टाइलचं अॅडहेसिव्ह लागतं, दात्यांच्या थापीने सगळीकडे सारखं पसरलेलं. मोठ्या टाइलला पाठीवरही एक हात द्यावा लागतो. मी अॅडहेसिव्हच्या गोण्यांचा हिशेब बघितला आणि म्हणाले, "मामा, सिमेंटने नाही का होणार?"

"होतं की ताई. आपण सगळीकडे तसंच करतो."

झालं. आज हॉलमध्ये काठी आपटत चाललं तर सात टाइल्स पोकळ वाजतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर चार कोपऱ्यांत चार गोळे आणि मध्ये एक, अशी मालाची ठेवण होती, तीही जुन्या रंगावर. माल रंगाला धरतो, रंग भिंतीला धरत नाही. दोन बाय चारची एक टाइल साधारण पंधरा किलोची असते. ती गॅसच्या शेगडीच्या वर अशा पाच गोळ्यांवर लटकते आहे, हे मला नंतर एका इंजिनिअर मित्राने सांगितलं, तेव्हापासून मी तिथे चहा करताना वर बघते.

फटी नकोत, हा हट्टही माझाच. रीलमध्ये जॉइंट दिसत नव्हते ना. टाइल एकमेकींना चिकटवून बसवल्या. दोन-तीन मिलिमीटरची फट आणि भिंतीच्या कडेला स्कर्टिंगखाली लपणारी थोडी मोकळी जागा सोडली नाही, तर ऊन-थंडीत घर हलतं त्याचा दाब जायचा कुठे? मग एखाद्या दिवशी टाइल्स तंबूसारख्या उचलल्या जातात. आमच्या अजून उचललेल्या नाहीत.

बाथरूममध्येही तीच मोठी टाइल. मीटरभरात एक-सव्वा सेंटिमीटर उतार जाळीकडे द्यायचा, तोही चारही बाजूंनी, तर मोठी ताठ टाइल वाकणार कशी? एक फूट बाय एक फूट घेतली असती तर उतार नीट मिळाला असता आणि जास्त फटींमुळे पायाला आधारही. आमच्याकडे पाणी कोपऱ्यात साचतं.

अजून एक गोष्ट मी तेव्हा खिडकीतून बघत होते आणि बघून सोडून दिली. मिस्त्रीमामांचा हाताखालचा पोरगा, एकोणीस-वीस वर्षांचा, ओट्याशेजारी उकिडवा बसून ग्राइंडरने टाइल्स कापायचा. कोरड्याच. पांढऱ्या धुळीचा ढग, तोंडाला रुमाल. आजीची तुळस पांढरी झाली होती. त्या धुळीत क्वार्ट्झ असतं. त्याचे अतिबारीक कण फुफ्फुसात बसले की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. मोरबीच्या कारखान्यांतल्या कामगारांना तो होतोच आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून ओट्यांच्या कृत्रिम दगडावर बंदी आणली, ती कापणाऱ्या तरुण मुलांना हाच रोग झाला म्हणून. पोर्सेलिनवर ती बंदी नाही, त्यात सिलिका कमी असते, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. कटरवर पाण्याची धार सोडली तर धूळ खाली बसते. मग चिखल होतो, तो काढावा लागतो, काम लांबतं. आणि आम्ही तर सांगितलं होतं, काहीही करा, वसुबारसेच्या आत संपवा. शिवाय फुटामागे मजुरी घासाघीस करून कमी केली होती.

ज्या गावात मुंबईची माणसं हवापालटाला यायची, लॅम रोडच्या परिसरात ज्यांच्यासाठी सॅनेटोरियमं उभी राहिली, त्या गावाच्या हवेत आम्ही एका पोराच्या छातीत ही पूड भरली. मोजून नऊ दिवस. चमकदार टाइलसाठी पैसे होते. पाण्याच्या कटरसाठी आणि नाकातोंडावर नीट बसणाऱ्या मास्कसाठी कुणी विचारलंही नाही. घासाघीस करताना सगळ्यात पुढे मी होते.

म्हणून 'बजेटमध्ये काय बसतं' असं कुणी म्हणालं की मी आता चिडते. टाइलचा भाव खाली आणा. साधी, मॅट, स्वस्तातली घ्या, चालेल. वाचलेले पैसे अॅडहेसिव्हला, नीट केलेल्या कोब्याला, पाण्याच्या कटरला आणि दोन दिवस जास्तीच्या मजुरीला द्या. खोक्यावरचा बॅच नंबर सगळीकडे सारखा आहे ना ते बघा, एक खोकं जादा ठेवा. बाकी रंग कुठला घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मला गम्य नाही.

आजीचं ऑपरेशन झालं, ती वॉकरने चालते. हॉलमध्ये आता त्या सुंदर टाइल्सवर सतरंज्या आणि रबरी मॅट अंथरल्यात, फोटो काढण्यासारखं काही उरलेलं नाही. बाथरूम आणि पॅसेज मात्र उखडून पुन्हा करायचं ठरलं. गेल्या महिन्यात बाबा आणि मी नाशिकरोडच्या एका दुकानात गेलो. मुलाने सवयीने चमकदार सॅम्पल्स पुढे केले. मी मॅटचे तीन मागवले, जमिनीवर ठेवायला लावले आणि पर्समधली पाण्याची बाटली उघडून तिन्हींवर ओतली.

"ताई, अहो, सांडताय काय?" तो मुलगा धावत फडकं घेऊन आला.

"पुसू नकोस," बाबा म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, पँट वर केली, माझ्या खांद्याला धरलं आणि पहिल्या टाइलवर उभे राहिले. मग दुसऱ्या. तिसऱ्यावर त्यांनी टाच जरा फिरवून बघितली.

"ही," ते म्हणाले. "हिचा रंग कुठला आहे गं? मला चष्म्याशिवाय दिसत नाहीये."