बांधावरचे लाकूड आणि फिरती करवत

भिवंडी तालुक्यातील भातशेतकऱ्याच्या बांधावर व वरकस जमिनीत उभी असलेली आंबा, साग, ऐन, शिरीष यांची झाडे म्हणजे त्याची अडीअडचणीची ठेव होय. घरात लग्नकार्य वा आजारपण निघाले की ती मोडली जाते. परंतु ठेव किती होती हे ठेवीदारास क्वचितच ठाऊक असते. झाड बहुधा उभ्यानेच, नजरेच्या अंदाजाने, एकरकमी विकले जाते.

लाकडाच्या व्यवहारात घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून त्यास लांबीने गुणण्याची रीत रूढ आहे. 4 फूट घेराचा व 10 फूट लांबीचा ओंडका या रीतीने 10 घनफूट भरतो. प्रत्यक्षात त्यात सुमारे 12.7 घनफूट लाकूड असते. हा फरक कापणीतील घटीपोटी सोडावा लागतो, असे समर्थन केले जाते, व ते अगदीच गैर नाही. तथापि घट शेतकऱ्याने सोसावी आणि काटकसरीच्या कापणीचा लाभ मात्र वखारवाल्याने घ्यावा, हे वाजवी म्हणता येणार नाही. उभ्या झाडाच्या सौद्यात तर एवढेही मोजमाप होत नाही.

फिरत्या पट्टा करवतीचे महत्त्व येथे आहे. तीत ओंडका जागीच राहतो व इंजिनासह पाते रुळांवरून त्याच्यावर सरकते. जाड चक्री करवतीच्या एका कापात सुमारे 6 मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. अरुंद पट्ट्याच्या कापात सुमारे 2 मिलिमीटर. नऊ कापांत 36 मिलिमीटर लाकूड वाचते, म्हणजे 25 मिलिमीटरची एक अख्खी फळी पदरात पडून वर काही उरते. शिवाय जड ओंडक्याऐवजी फळ्याच वाहून न्याव्या लागतात, आणि भिवंडीच्या गोदामांना खोक्यांसाठी लाकूड लागतेच. मात्र बांधावरच्या झाडांत कुंपणाची तार व खिळे रुतलेले असतात. ते न पाहता पाते चालविणाऱ्यास यंत्राचे गुण दिसण्यापूर्वीच पात्याचे बिल दिसते!

कायद्याची बाजू टाळता येत नाही. 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या सूचीत साग, आंबा व ऐन आहेत. त्यांच्या तोडीस आधी परवानगी हवी. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीस 1969 चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशापासून लाकूडगिरण्यांवर कडक नियंत्रण असून, यंत्र चाकांवर आहे म्हणून ते परवान्यातून सुटते, असे कोणीही गृहीत धरू नये. खरेदीपूर्वीच वनविभागाकडून लेखी खुलासा घ्यावा. हे नियंत्रण योग्यच आहे. तानसा अभयारण्याचे रान येथून दूर नाही आणि चाकांवरची करवत रात्रीही फिरू शकते. म्हणूनच ती एकट्यादुकट्याच्या हाती न देता गावच्या सहकारी संस्थेस परवान्यासह द्यावी. प्रत्येक ओंडक्याचा सर्व्हे नंबर, घेर व तोडीची परवानगी नोंदवहीत लिहिल्याशिवाय इंजिन सुरू होऊ नये. अशा संस्थेस परवाना देण्याचा विचार शासनाने अवश्य करावा.

तोवर शेतकरी बंधूंनी सौद्यापूर्वी निदान घेर व लांबी तरी स्वतः मोजून कागदावर लिहावी. तोड पावसाळा सरल्यावर करावी. आंब्याचा ओंडका पडून राहिल्यास त्यावर नीळ चढते व किडा लागतो, म्हणून तो लवकर कापून फळ्यांची थप्पी सावलीत, मध्ये सारख्या अंतरावर पट्ट्या घालून, जमिनीपासून हातभर उंच रचावी.