नदी भरली, पण होड्या किनाऱ्यालाच

बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ या नावाने मिळणारा रावस तुम्ही खाल्ला असेल. नाव सारखं असलं तरी खऱ्या सॅल्मनशी त्याचं काही नातं नाही. सॅल्मन हा थंड पाण्यातला मासा. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या नदीत येतो. म्हणून समुद्रात मासे किती मिळणार, हे बरंचसं नदीवर ठरतं. तेही यंदाच्या नव्हे, मागच्या नदीवर!

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचंच बघा. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिथे भरपूर पाऊस आणि बर्फ पडला, नद्या दुथडी भरून वाहिल्या. मासेमारांची चंगळ झाली असेल, असं तुम्हाला वाटेल. उलट त्याच वर्षी सॅल्मनची मासेमारी बंद करावी लागली. २०२४ मध्येही तेच.

असं का झालं? तिथला चिनूक जातीचा सॅल्मन बहुधा तिसऱ्या वर्षी परततो. म्हणजे २०२३ मध्ये मिळायचे मासे २०२० मध्ये अंड्यांत होते, आणि २०२० ते २०२२ ही तिन्ही वर्षं दुष्काळाची.

मादी शेपटीने नदीतली खडी उकरून तिथे अंडी घालते. पाणी साधारण १३ अंशांच्या वर तापलं की अंडी मरू लागतात. सॅक्रमेंटो नदीला उन्हाळ्यात थंड पाणी मिळतं ते शास्ता धरणाच्या तळातून. धरणात साठाच कमी असेल, तर ते लवकर संपतं. त्यातून जगलेल्या पिल्लांना वसंतात समुद्राकडे वाहून न्यायला पाण्याला जोरही हवा. संथ, नितळ पाण्यात मोठे मासे त्यांना सहज टिपतात. शिवाय शेतीलाही त्याच नदीचं पाणी लागतं.

२०२१ मध्ये तर मत्स्यबीज केंद्रांतली दीड कोटीहून जास्त पिल्लं टँकरमध्ये भरून खाडीकडे नेली. आपल्याकडे दुष्काळात गावाला पाणी टँकरने येतं. तिथे मासेच टँकरने गेले.

इतकं करूनही मासे कमीच राहिले. जे उरले ते तरी नदीत पोहोचून अंडी घालोत, म्हणून बंदी. पण बोटीचा खर्च आणि घरचा किराणा थोडाच थांबतो? कित्येकांनी दुसरी मासळी धरली, काहींनी धंदाच सोडला.

२०२५ च्या जूनमध्ये हौशी मासेमारांना समुद्रात दोन दिवस गळ टाकायला मिळाला. पोटासाठी मासे पकडणाऱ्यांच्या होड्या मात्र त्या वर्षीही किनाऱ्यालाच होत्या.