समज, पाय मोडला तर?

१ सप्टेंबर २०२४. रविवार सकाळचे साडेनऊ. मी मस्तपैकी पोहे हाणत बसले होते आणि न्यू जर्सीहून ताईचा मेसेज आला, ‘ही अजून जागीच आहे. फोन वाजत नाहीये.’

तिकडे रात्रीचे बरोब्बर बारा. ‘ही’ म्हणजे ताईची लेक, माझी भाची. वय सोळा, इयत्ता अकरावी, सॉफ्टबॉलची पिचर. आणि फोन कुणाचा? बॉयफ्रेंडचा? छे हो! कॉलेजच्या कोचचा!

अमेरिकेत कॉलेजची टीम म्हणजे सॉलिड सीरियस मामला. शाळेत असतानाच पोरी हेरल्या जातात. एकेकाळी तर आठवीतल्या मुलींनाही तोंडी ऑफर मिळायच्या. मग २०१८ मध्ये कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएनं ब्रेक लावला. सगळ्यात वरच्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या कोचनं मुलगी अकरावीत जाईपर्यंत, त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपर्यंत, तिच्याशी भरतीबद्दल अवाक्षरही बोलायचं नाही. म्हणून त्या रात्री बाराच्या ठोक्याला देशभरातल्या पोरी फोन उशाशी घेऊन जाग्या!

भाचीच्या टीममधल्या दोघींचे फोन वाजले. हिचा नाही. पहाटे तीनपर्यंत ती जागी होती म्हणे.

हा सगळा प्रकार मला आपल्या कांदेपोह्यांसारखाच वाटतो. शाळेची टीम असतेच, पण खरं ‘बघणं’ होतं उन्हाळ्यातल्या क्लब टुर्नामेंट्सना. जाळीमागे घडीच्या खुर्च्या टाकून कोच मंडळी बसतात, हातात स्पीड मोजायची रडार गन. पिचर ४३ फुटांवरून किती जोरात टाकते, बॉल हातात आल्यापासून कॅचर तो किती वेळात सेकंड बेसला पोचवते, सगळं मोजून टिपून घेतात. शिवाय आऊट झाल्यावर मुलगी बॅट आपटते का आणि आईवर खेकसते का, हेही!

त्याआधी मुलीनं स्वतः कोचला मेल करायचा, सोबत खेळाचा व्हिडिओ आणि मार्क. आमच्या ताईनं सुरुवातीचे सगळे मेल स्वतःच ठोकले होते. टीमच्या कोचला कळल्यावर तो हसला आणि म्हणाला, ‘खेळायला पण तुम्हीच जाणार का?’

ताईचा आणखी एक गैरसमज होता. पोरगी खेळली की फुल स्कॉलरशिप! तसं नसतं, बॉस. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या एका टीमला जास्तीत जास्त १२ पूर्ण स्कॉलरशिप देता यायच्या आणि त्या वीसेक मुलींमध्ये तुकडे करून वाटल्या जायच्या. २०२५-२६ पासून नवी व्यवस्था स्वीकारलेल्या कॉलेजांना ही मर्यादा राहिली नाही, पण तिथे टीममध्ये फक्त २५ मुली. त्यात कोचला दुसऱ्या कॉलेजची तयार खेळाडूही घेता येते. २०२४ मध्ये नायजारी कॅनडी ही पिचर स्टॅनफर्ड सोडून टेक्सस टेकला गेली, ती दहा लाख डॉलरहून मोठ्या करारावर! शाळेतल्या पोरीची स्पर्धा आता अशा मुलींशी.

तर आमच्या भाचीला अखेर बारावीच्या सुरुवातीला दोन कॉलेजांनी विचारलं.

पहिलं डिव्हिजन वन. विमानानं जायचं अंतर, फीमध्ये थोडीशी सूट, तीन पिचर आधीच हजर. उत्तर आठवड्यात हवं. दुसरं डिव्हिजन थ्री. घरापासून गाडीनं दोन तास. तिथे नियमानंच खेळासाठी स्कॉलरशिप नाही. मार्क आणि घरचं उत्पन्न बघून जी मदत मिळेल ती. पण पहिल्या वर्षापासून मैदानावर उतरायची संधी आणि तिला हवी ती बायोलॉजीची लॅब.

ताईचा कौल अर्थातच पहिल्याला. दहा वर्षं दर शनिवार-रविवार तिनं गाडी चालवली होती. हॉटेलं, पेट्रोल, कोचिंगची फी... ‘एवढं करून डिव्हिजन थ्री? लोकांना काय सांगू मी?’

तेव्हा टीमच्या कोचनं भाचीला एक प्रश्न विचारला. तिकडे तो बहुतेक सगळ्यांना विचारतात म्हणे. ‘समज, पहिल्याच महिन्यात पाय मोडला. वर्षभर खेळ बंद. तरी तुला त्या कॉलेजमध्ये राहावंसं वाटेल?’

भाची दोन्हीकडे जाऊन आली. पहिल्या ठिकाणी तिला चकाचक स्टेडियम आणि जिम दाखवली. लॅबच्या वेळा प्रॅक्टिसला आड येतील, हेही तिथल्या कोचनं सांगून टाकलं. दुसरीकडे ती एका लेक्चरला जाऊन बसली आणि संपल्यावरही अर्धा तास प्रोफेसरांशी बोलत राहिली. परतीच्या गाडीत म्हणाली, ‘आई, इथे पाय मोडला तरी चालेल.’

दोन दिवस ताई धुसफुसत होती. मग म्हणाली, ‘जाऊ दे, दोन तासांवर आहे. मॅच बघायला तरी जाता येईल.’ पण अजूनही फोनवर मध्येच थांबते आणि म्हणते, ‘डिव्हिजन वनची ऑफर होती हं हिला!’

हे सगळं आज आठवायचं कारण? माझ्या मेलबॉक्समध्येही एक ऑफर पडलीय. फ्रीलान्सिंग सोडून एका मोठ्या चॅनेलच्या शोवर पर्मनंट नोकरी. नाव तगडं, पॅकेज त्याहून तगडं. आई खूश, मित्र पार्टी मागतायत. मी मात्र सारखी एकच गोष्ट घोकतेय. समज, तो शो सहा महिन्यांत बंद पडला, तरी त्या ऑफिसात, त्या माणसांमध्ये रोज सकाळी जावंसं वाटेल मला?

तुमच्याही हातात एखादं ऑफर लेटर असेल तर पगाराच्या आकड्याआधी हा प्रश्न विचारून बघा. माझं उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचंय. भाचीलाच फोन लावावा म्हणते... तिकडे आत्ता किती वाजले असतील?