तक्ता टॉपचा, किंमत बेसची

मिडसाइझ सेडान घ्यायची ठरली की आमच्याकडे लोक आधी तक्ता करतात. डावीकडे गाड्यांची नावं, वर पॉवर, गिअरबॉक्स, सेफ्टी, किंमत. भोसरीपासून चाकणपर्यंत ज्याला विचारावं तो एकतर गाड्यांच्या कंपनीत नाहीतर तिच्या व्हेंडरकडे कामाला, त्यामुळे तक्ते अगदी व्यवस्थित असतात. माझं भांडण तक्त्याशी नाही, तो भरण्याच्या पद्धतीशी आहे. सगळे रकाने टॉप मॉडेलवरून भरायचे आणि किंमत मात्र बेस मॉडेलची लिहायची!

चाकणच्याच गाड्या घ्या ना. फोक्सवॅगनची व्हर्टस आणि स्कोडाची स्लाव्हिया, दोन्ही इथल्या एकाच कारखान्यातून निघतात. वरचं कातडं वेगळं, सांगाडा एकच. जून २०२२ मध्ये व्हर्टस आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत ११.२१ लाखांपासून १७.९१ लाखांपर्यंत होती. खाली एक लिटरचं टर्बो इंजिन, ११५ पीएस. वर दीड लिटरचं, १५० पीएस. कट्ट्यावर चर्चा १५० पीएसची आणि तोंडी आकडा ११.२१ चा. साडेसहा लाखांहून मोठी गफलत आहे ही, मंडळी.

पॉवरचं थोडक्यात उरकतो. २०२३ ची टर्बो व्हर्ना १६० पीएसची, होंडा सिटीचं साधं पेट्रोल १२१ चं. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर चाकणच्या तळेगाव चौकातून मोशीकडे निघा आणि मधले ३९ पीएस कुठे गेले ते मला कळवा. कंटेनरच्या मागे सगळे सारखेच.

गिअरबॉक्सचं तसं नाही. तक्त्यात सगळ्यांपुढे 'ऑटोमॅटिक' लिहून मोकळे होतात, पण आत तीन वेगवेगळे प्राणी आहेत. सिटीत सीव्हीटी, म्हणजे पट्टा आणि पुली. सौम्य चालते, पण जोरात दाबलं की आधी इंजिन ओरडतं, मग गाडी पळते. टर्बो व्हर्नात आणि दीड लिटरच्या व्हर्टसमध्ये कोरडे डबल क्लच; मोकळ्या रस्त्यावर झकास, पण मुंगीच्या चालीने पुढे सरकताना क्लच घासतो आणि तापतो. एक लिटरच्या व्हर्टसला आली तेव्हा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर होता. त्यात ते घसरणं तेल सोसतं. म्हणजे आमच्या नाशिक हायवेच्या कोंडीला महागड्या गिअरबॉक्सपेक्षा स्वस्तातला जास्त मानवतो. हे शोरूममध्ये कोण सांगणार?

असो. खरा राग सेफ्टीच्या रकान्याचा आहे.

जानेवारी २०१४. ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. त्यात चाकणमध्ये बनणारी पोलोही होती. गाडी निवडली सगळ्यात साधी, एअरबॅग नसलेली. मोठ्यांच्या सुरक्षेला तारे मिळाले शून्य. गंमत म्हणजे (गंमत कसली!) पोलोचा सांगाडा मजबूत ठरला होता. त्याच पोलोला दोन एअरबॅग्ज लावून आदळवलं तर चार तारे. पत्रा तोच, गाव तेच. शून्य आणि चार यांच्या मधे दोन पिशव्या होत्या, आणि त्या पिशव्या पैसे जास्त मोजणाऱ्यासाठी राखून ठेवल्या होत्या. निकाल लागल्यावर कंपनीने बिनएअरबॅगची पोलो विकणं बंद केलं. म्हणजे करता येत होतं. आधी कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

आता काळ बदलला, हे कबूल. एप्रिल २०२३ मध्ये व्हर्टस आणि स्लाव्हिया दोघींना पाच तारे मिळाले, मोठ्यांसाठीही आणि मुलांसाठीही. पण सहा एअरबॅग्ज तेव्हाही वरच्या मॉडेललाच होत्या. सगळ्या मॉडेलना त्या मिळायला २०२४ उजाडलं. व्हर्नाने २०२३ मध्येच बेसपासून सहा दिल्या होत्या. आणि सिटीने त्याच वर्षी पुढची गाडी ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आणली, ती सगळ्यात खालच्या मॉडेलला सोडून.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की बेस महाग झालं तर सामान्य माणसाने काय करायचं? अहो, अकरा लाखांच्या गाडीबद्दल बोलतोय आपण. पंक्चर झालेला टायर बेसवाला कमी वेळा बदलतो का? त्याची मुलं मागच्या सीटवर बसत नाहीत? सनरूफ काढा, चामड्याची सीट काढा, अलॉय काढा, कुणाची हरकत नाही. डोकं वाचवायची वस्तू त्या यादीत आलीच कशी, हा माझा प्रश्न आहे.

सरकारकडून फार आशा नको. सहा एअरबॅग्ज सक्तीच्या करायचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये आला, मग तारीख ऑक्टोबर २०२३ पर्यंत ढकलली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गडकरींनी सांगून टाकलं की सक्ती करणार नाही. स्पर्धा आहे, कंपन्या आपणहून देतील. स्पर्धा म्हणजे कोण? तक्ते करणारे आपणच की!

तेव्हा पुढचा तक्ता कराल तो सगळ्यात खालच्या मॉडेलचा करा. शोरूममध्ये ते मॉडेल सहसा उभं नसतं, 'मागवावं लागेल' म्हणतात. मागवायला लावा.