सुजलेले पाय आणि गोळीचे अर्थकारण

आरोग्यावरील सार्वजनिक खर्चाची चर्चा बहुधा तरतुदीच्या आकड्यापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. तरतूद किती वाढली, किती घटली, याचा हिशेब मांडला जातो. ज्या उपचारावर पैसा पडला त्याने रोग्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. लसिकासूज आणि शिरांचे विकार यांवर दिल्या जाणाऱ्या फ्लेव्होनॉइड औषधांची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे.

पेशींभोवती झिरपलेला द्रव आणि त्यातील प्रथिने पुन्हा रक्तात नेऊन सोडण्याचे काम लसिकावाहिन्या करतात. त्या निकामी झाल्या की द्रव साचतो, अवयव सुजतो आणि कालांतराने कातडी जाड व टणक होते. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील लसिकाग्रंथी काढाव्या लागलेल्या काही स्त्रियांच्या हाताला अशी सूज येते. भारतात मात्र तिचे एक मोठे कारण क्युलेक्स डासांमार्फत पसरणारा हत्तीरोग हे आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या जिल्ह्यांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. शिरांतील झडपा बिघडल्यामुळे पायांना येणारी सूज हा याहून वेगळा विकार होय. औषधांच्या व्यवहारात मात्र हा भेद पुष्कळदा पुसट होतो.

फ्लेव्होनॉइड ही वनस्पतींत, विशेषतः लिंबूवर्गीय फळांत, आढळणारी द्रव्ये आहेत. १९३६ साली हंगेरीत आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी आणि इश्टव्हान रुस्न्याक यांनी ती केशवाहिन्यांची गळती रोखतात असे मांडले आणि त्यांना ‘व्हिटॅमिन पी’ असे नाव सुचविले. हे जीवनसत्त्व असल्याचा दावा पुढे टिकला नाही व नावही मागे पडले. परंतु मूळ कल्पनेतून औषधांचा एक मोठा वर्ग जन्माला आला. रुटिनपासून बनविलेली औषधे आणि डायोस्मिन व हेस्पेरिडिन यांचे मिश्रण ही त्यांतील ठळक नावे. शिरांचा ताण वाढतो, गळती कमी होते, म्हणून सूज उतरते, असे त्यांमागील तर्कशास्त्र आहे.

याच औषधांच्या कुळातील, बेंझोपायरोन गटातील, कुमारिन या द्रव्यावर ऑस्ट्रेलियातील जॉन कॅस्ली-स्मिथ यांनी दीर्घकाळ संशोधन केले. साचलेली प्रथिने फोडून काढण्यास ते शरीरातील भक्षक पेशींना मदत करते, असे त्यांचे प्रतिपादन होते. भारतातील हत्तीरोगाच्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचे प्राथमिक निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात हाताची सूज असलेल्या ३१ आणि पायाची सूज असलेल्या २१ रुग्णांवरील चाचणी आली. तिच्यात सूज हळूहळू उतरल्याचे दिसले. आशा वाढली. परंतु १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात अमेरिकेतील १४० स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिने औषध घेऊनही हाताची सूज औषधरूप नसलेल्या गोळीपेक्षा अधिक कमी झाली नव्हती. उलट सुमारे ६ टक्के स्त्रियांच्या रक्तचाचणीत यकृतावर दुष्परिणाम झाल्याची चिन्हे आढळली. यकृताच्या या धोक्यामुळेच ऑस्ट्रेलियात हे औषध त्यापूर्वीच, १९९६ मध्ये, मागे घेण्यात आले होते.

कुमारिनचा दोष डायोस्मिनच्या माथी मारणे अर्थातच अन्यायाचे होईल. दोन्हींचे रसायन वेगळे आणि धोकेही वेगळे. परंतु उपलब्ध पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये लसिकासुजेबाबत काढलेला निष्कर्ष संपूर्ण बेंझोपायरोन गटाबद्दल होता : परिणामकारकता ठरविण्याइतका पुरावा नाही. शिरांच्या विकारांबाबत चित्र थोडे बरे आहे. २०२० च्या छाननीनुसार या औषधांनी सूज किंचित कमी होते. रुग्णाच्या एकंदर जीवनमानात मात्र फारसा फरक पडत नाही आणि पोटाच्या तक्रारी काहीशा वाढतात. म्हणजे औषध निरुपयोगी नाही. प्रश्न आहे तो त्याच्या उपयोगाच्या मानाने किंमत किती मोजावी आणि ती कोणी मोजावी, याचा.

फ्रान्सने या प्रश्नाचे उत्तर दिले, आणि तेही ही औषधे जेथे सर्वाधिक लोकप्रिय होती अशा देशाने दिले, हे लक्षणीय आहे. सार्वजनिक आरोग्य विम्याने शिरांवरील या औषधांच्या खर्चाचा परतावा २००६ मध्ये १५ टक्क्यांवर आणला आणि १ जानेवारी २००८ पासून तो पूर्णपणे बंद केला. औषधावर बंदी घातली नाही. ज्याला हवे त्याने ते स्वखर्चाने घ्यावे, एवढेच ठरविले. बंदी आणि अनुदान यांच्या मध्ये असा एक विवेकाचा मार्ग असतो, हे आपल्याकडील धोरणकर्त्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दाखवून दिले होते की वैद्यकीय सेवेची बाजारपेठ इतर बाजारपेठांसारखी नसते. कापड घेणारा कापड पारखू शकतो. रुग्णाला गोळी पारखता येत नाही. त्यात सूज ही दिवसभरात चढते, रात्री उतरते, ऋतुमानाने बदलते. ती उतरली की श्रेय गोळीला मिळते, न उतरली तर आणखी एक पट्टी घेतली जाते. शिवाय गोळीला उत्पादक असतो, विक्रेता असतो, डॉक्टरांच्या दारी जाणारा प्रतिनिधी असतो. पाय रोज साबण-पाण्याने धुऊन कोरडा करणे, बोटांमधील भेगांवर मलम लावणे, बसताना पाय उंच ठेवणे, घोट्याचा व्यायाम करणे, योग्य तेथे दाबपट्टी बांधणे, या गोष्टींना मात्र विक्रेता नाही. हत्तीरोगाच्या रुग्णाला पुनःपुन्हा येणारा ताप आणि ठणका बहुतांशी त्वचेतून शिरणाऱ्या जंतूंमुळे येतो, आणि त्या प्रत्येक आघाताने सूज वाढत जाते. तो रोखण्याचा खात्रीचा व स्वस्त उपाय म्हणजे ही साधी निगा. ज्याची मजुरी त्याच्या पायांवर उभी आहे त्याच्या दृष्टीने ताप टळणे म्हणजे बुडणारा रोजगार वाचणे होय.

हत्तीरोगाचा प्रसार थांबविण्यासाठी २००४ पासून देशभर सामुदायिक औषधोपचार मोहीम चालू झाली. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात तीन औषधांचा एकत्रित प्रयोग झाला आणि रोगाच्या निर्मूलनासाठी २०२७ हे वर्ष ठरविण्यात आले. ही कामगिरी लहान नाही. परंतु या औषधांनी रक्तातील जंत मरतात. वर्षानुवर्षे सुजलेला पाय पूर्ववत होत नाही. नवा रुग्ण निर्माण होणे थांबले तरी जुना रुग्ण मागे उरतोच. निर्मूलनाच्या घोषणेनंतर त्याच्याकडे कोण पाहणार? कार्यक्रमात निगेला कागदोपत्री स्थान आहे. ते प्रत्यक्षात येण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात शिकविणारी परिचारिका, नियमित मिळणारे मलम व दाबपट्टी आणि घरी जाऊन पाहणारी आशा कार्यकर्ती हवी.

गरिबाला थोडा आराम देणारी गोळी नाकारू नये, असा आक्षेप घेतला जाईल. तो सहृदय आहे, पण अपुरा आहे. ज्याच्या खिशात मोजकेच पैसे आहेत त्याने ते किंचित लाभाच्या गोळीवर महिनोन्‌महिने खर्च करावेत आणि साबण-पट्टीविना राहावे, यात सहृदयता कसली? आराम देणे हे शास्त्राचे काम आहे, तर मर्यादित पैसा अधिक लाभाच्या जागी वळविणे हे शासनाचे. ज्या उपचाराला बाजारात वाली नाही, त्याचा वाली शासनानेच झाले पाहिजे.