इशारा मोबाईलवर, मजूर बांधीत

पावसाळ्याच्या तोंडावर जिल्हा प्रशासनाची सूचनापत्रके निघतात. विजा चमकत असताना घराबाहेर पडू नये, झाडाखाली आसरा घेऊ नये, पाण्यात उभे राहू नये, नागरिकांनी सतर्क राहावे. या सूचनांतील एकाही शब्दाला शास्त्राचा विरोध नाही आणि त्या काढणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हेतूविषयीही शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, ज्या नागरिकाला उद्देशून हे लिहिले जाते तो नागरिक कोण? गोंडपिपरी तालुक्यात धाबा, विठ्ठलवाडा, भंगाराम तळोधी या पट्ट्यात रोवणी सुरू झाली की पोटरीभर पाण्यात, कमरेत वाकून, रांगेने बाया उभ्या असतात. त्या घराबाहेर आहेत, पाण्यात आहेत आणि बांधावरच्या मोहाच्या झाडाखेरीज त्यांना दुसरा आडोसा नाही. पत्रकात जे जे करू नका म्हणून सांगितले आहे ते सर्व त्यांना मजुरीच्या अटीनेच करावे लागते. सतर्क राहून त्यांनी जावे कोठे?

२६ जुलै २०२३ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात वीज पडून एका दिवसात आठ जणांचे प्राण गेले. त्यांत शेतात राबणाऱ्या बाया होत्या आणि गोंडपिपरी तालुक्यातील श्रमिकही होता. असे दिवस येतात, दोन दिवस वर्तमानपत्रांत राहतात आणि विसरले जातात. देशाचे चित्र याहून वेगळे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ साली भारतात वीज पडून २,८८७ माणसे मेली. निसर्गाच्या कोपाने त्या वर्षी जितकी माणसे गेली त्यांतली एकतृतीयांशाहून अधिक एकट्या विजेने नेली. महापूर, भूकंप, दरडी यांची छायाचित्रे येतात, मंत्र्यांचे दौरे होतात. वीज मात्र एकेका बांधीत एकेक माणूस गाठते आणि एकट्यादुकट्याच्या मरणाला दौरा लाभत नाही.

राज्यकर्त्यांच्या हिशेबातही हे मरण असेच एकटे पडले. २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्राने आपत्ती निधीकरिता ज्या १२ आपत्ती धरल्या होत्या त्यांत दंव आणि थंडीची लाट होती, कीडीचा हल्लाही होता, वीज नव्हती. राज्यांना वाटल्यास त्यांनी आपल्या निधीचा दहावा हिस्सा स्थानिक आपत्तींसाठी वापरावा, एवढी मुभा होती. महाराष्ट्राने तिचा उपयोग केला आणि वीज पडून मेलेल्याच्या वारसांना चार लाख रुपये देण्याची सोय केली. ही मदत कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या घरातला मिळवता हात गेला त्या घराला तिचे मोल कळते. परंतु मरणानंतरचा आकडा ठरला, मरण टाळण्यासाठी दरडोई काय खर्च करायचा हा आकडा मात्र कोणत्याच अंदाजपत्रकात सापडत नाही.

वादळाचेही तेच. चक्रवात ही अमेरिकेच्या मैदानातली गोष्ट आहे, आपल्याकडे फार तर धुळीची वावटळ उठते, असा समज सुशिक्षितांतही आहे. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी गोदावरीपलीकडे, तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात, ताडवाई आणि मेडारमच्या दरम्यानचे जंगल काही मिनिटांत झोपले. सुमारे पन्नास हजार झाडे उन्मळली किंवा मोडून पडली. तो चक्रवात होता की ढगातून एकाएकी खाली कोसळणारा वाऱ्याचा लोट होता, यावर शास्त्रज्ञांत मतभेद झाले. माणसे दगावली नाहीत, कारण त्या संध्याकाळी त्या जंगलात माणसे नव्हती. हे जंगल सिरोंच्याच्या जंगलाचे सख्खे शेजारी आहे. हाच लोट मे महिन्यात, तेंदूच्या हंगामात, गडचिरोली किंवा गोंडपिपरीच्या जंगलावर उतरला असता तर? त्या दिवसांत पहाटेपासून घरेच्या घरे, पोरेबाळे घेऊन, पाने तोडायला रानात असतात आणि वळवाच्या वादळाचा काळही तोच असतो.

या संकटाची आगाऊ वार्ता देणारे शास्त्र आपल्याकडे नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजांचा वेध घेणाऱ्या यंत्रांचे जाळे उभारले आणि त्यावर ‘दामिनी’ हे मोबाईलवरचे साधन तयार केले. आपल्या भोवतालच्या २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज कडाडत असल्यास ते सावध करते. हवामान खाते पुढील तीन तासांचा तातडीचा अंदाज देते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही व्यवस्था त्या त्या भागातील मोबाईलवर संदेश पाठवते. हे सारे सार्वजनिक पैशातून, सरकारी संस्थांतील शास्त्रज्ञांनी केले आहे. सार्वजनिक क्षेत्राला उठल्यासुटल्या नावे ठेवणाऱ्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

परंतु हे शास्त्र बांधीपर्यंत पोचता पोचता विरते. नागपूरचे हवामान रडार गोंडपिपरीपासून सरळ रेषेत सुमारे १७० किलोमीटरवर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे तेथून निघालेला सर्वांत खालचा किरणसुद्धा इकडे येईतो जमिनीपासून तीनएक किलोमीटर उंच गेलेला असतो. मोठा मेघ त्याला दिसतो. जमिनीलगत घुमणारा वारा दिसत नाही. पुढची गोष्ट मोबाईलची. घरात तो एक असतो, तो बहुधा पुरुषाच्या खिशात असतो आणि रोवणीला गेलेल्या बाईजवळ असलाच तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बांधावर ठेवलेला असतो. वारा सुटला की आधी वीजपुरवठा जातो, मागोमाग मनोरा मुका होतो. म्हणजे ज्या घटकेला संदेश हवा त्याच घटकेला तो येण्याचा मार्ग बंद! तेलंगणाच्या सीमेवरील घरांत तेलुगू आणि जंगलातील पाड्यांवर गोंडी बोलली जाते, हेही संदेशाचा मसुदा करणाऱ्याने ध्यानात घेतलेले बरे.

श्रीमंत देशांनाही हा धडा रक्त सांडूनच मिळाला. ३ आणि ४ एप्रिल १९७४ या २४ तासांत अमेरिकेत १४८ चक्रवात उठले आणि तीनशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतर तेथे हवामान खात्याच्या स्वतंत्र रेडिओ केंद्रांचे जाळे वाढवण्यात आले. २७ एप्रिल २०११ रोजी अलाबामात सकाळच्या वादळाने विजेच्या तारा तोडल्या, आणि दुपारी त्याहून भीषण चक्रवात आले तेव्हा अनेक घरांत इशारा ऐकायला वीजच नव्हती. बॅटरीवर चालणारा साधा रेडिओ त्या दिवशी महागड्या उपकरणांहून मोलाचा ठरला.

याहून बोलकी घटना १० डिसेंबर २०२१ ची आहे. केंटकी राज्यातील मेफील्ड गावी मेणबत्त्यांच्या कारखान्यात नाताळच्या मागणीसाठी रात्रपाळी चालू होती. शंभरावर कामगार आत होते. चक्रवाताचे इशारे आधीच दिले गेले होते, भोंगे वाजले होते, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल होता. काही कामगारांनी घरी जाऊ देण्याची विनंती केली. निघून गेलात तर नोकरी जाईल असे आपल्याला बजावण्यात आले, असे त्यांतल्या काहींनी पुढे वार्ताहरांना सांगितले; कंपनीने ते नाकारले. खरेखोटे न्यायालये ठरवोत. इमारत कोसळली आणि तिच्याखाली कामगार मेले, यावर मात्र वाद नाही. तेथे माहितीचा दुष्काळ नव्हता. दुष्काळ होता तो काम टाकून निघण्याच्या हक्काचा.

गोंडपिपरीची मजूर बाई आणि मेफील्डची कामगार यांच्यात सात समुद्रांचे अंतर असले तरी दोघींची अडचण एकच आहे. रोवणी बहुधा हुंड्याने घेतलेली असते; एकराचा दर ठरलेला, तो जमावातल्या बायांत वाटला जाणार. आभाळ गडगडले म्हणून अर्धा तास बाहेर निघाले तर तो अर्धा तास कोणाच्या खात्यावर? शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे थांबावे असे शास्त्र सांगते. त्या तीस मिनिटांची मजुरी कोण देणार, हे कोणतेही पत्रक सांगत नाही. जोवर हे सांगितले जात नाही तोवर ‘सतर्क राहा’ या उपदेशाचा अर्थ ‘आपल्या खर्चाने जगा’ असा होतो.

यावर लहान शेतकऱ्याची बाजू मांडली जाईल आणि ती मांडलीच पाहिजे. दोन-तीन एकरांचा धनी स्वतःही बायकोपोरांसह त्याच बांधीत असतो. पाणी उतरायच्या आत रोवणी उरकली नाही तर त्याचे वर्ष बुडते. त्याच्या माथी हा भार मारणे म्हणजे गरिबाला गरिबाशी झुंजवणे होय. म्हणूनच तो भार समाजाने, म्हणजे सरकारने, उचलायला हवा. मृत्यूनंतर चार लाख देणारी तिजोरी जिवंतपणीच्या अर्ध्या दिवसाची मजुरी देऊ शकत नाही, हे पटण्यासारखे नाही. जेथे सरकारच मालक आहे, म्हणजे रोजगार हमीच्या कामांवर आणि वन खात्याच्या रोपवनात, तेथे तर सबबीलाही जागा नाही. तेथे इशारा आल्याबरोबर काम थांबावे आणि हजेरी पूर्ण लागावी.

दुसरा आक्षेप कचेऱ्यांतून हमखास ऐकू येतो: लोक अडाणी आहेत, दैववादी आहेत, सांगूनही ऐकत नाहीत. हा निव्वळ कांगावा आहे. वाऱ्याची दिशा आणि ढगाचा रंग या बायांना साहेबांहून अधिक कळतो. मोहाखाली त्या अज्ञानाने जात नाहीत, दुसरी जागा नाही म्हणून जातात. शेतातला काटक्यांचा मांडव किंवा चहूबाजूंनी उघडी टिनाची शेड विजेपासून वाचवत नाही. त्याला चार भिंतींची, वीजरोधक बसवलेली पक्की खोली लागते. शिवारात अशी किती बांधकामे आहेत? गावात सभामंडप उठतात, प्रवेशद्वारे उठतात, त्यांवर आमदारांची नावे झळकतात. शिवारातल्या आसऱ्यावर नाव कोरून मते मिळत नसावीत.

गरीब देशाला हे परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी बांगलादेशाकडे पाहावे. १९७० च्या चक्रीवादळात तेथे तीन लाखांच्या वर माणसे बुडाली. १९७२ पासून गावोगाव स्वयंसेवकांची फळी उभी राहिली. हातात कर्णा, निशाण आणि जवळ रेडिओ. पक्के निवारे बांधले गेले. २००७ च्या ‘सिद्र’ वादळात मृत्यूंची संख्या साडेतीन हजारांच्या आत राहिली. तीही कमी नाही. पण हा फरक संघटित माणसांनी पाडला आणि त्यांच्या हातातली साधने अगदी साधी होती. चंद्रपूर-गडचिरोलीत पोलीस पाटील आहे, आशा कार्यकर्ती आहे, दवंडीची जुनी रीत आहे, देवळाचा भोंगाही आहे. तहसीलचा संदेश आला की दहा मिनिटांत शिवारभर भोंगा वाजला पाहिजे आणि तो वाजवण्याची जबाबदारी कोणाची हे नावानिशी ठरले पाहिजे. तो भोंगा आणि संदेश घेणारे यंत्र बॅटरीवर चालणारे असावे, हे वेगळे सांगायला नको. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात प्रवाह उरत नाही, त्याला लगेच हात लावता येतो, श्वास आणि हृदय बंद पडले असल्यास छाती दाबून अनेकदा परत आणता येते. एवढे तरी प्रत्येक फळीवर, प्रत्येक कामावर दोघांना शिकवलेले असावे. माणूस पडला की लोक त्याला स्पर्श करायला भितात आणि त्या भीतीत मोलाची मिनिटे जातात.

येथे चळवळीनेही आपल्याकडे वळून पाहायला हवे. तेंदूच्या शंभर पुड्यांच्या दरासाठी मोर्चे निघाले, बोनससाठी धरणी झाली, आणि ते योग्यच होते. वादळात काम बंद ठेवण्याचा मुद्दा मागणीपत्रात किती वेळा आला? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८१ च्या १५५ व्या करारात समोर ठाकलेल्या धोक्यापासून बाजूला होणाऱ्या कामगाराला संरक्षण दिले. भोपाळनंतर १९८७ साली आपल्या कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक कारखान्यांतील कामगाराला धोका निदर्शनास आणून देण्याचा हक्क मिळाला. हे सारे गिरणी-कारखान्याच्या फाटकाशी थबकले. छप्पर नसलेल्या कामगाराचे कामाचे ठिकाण म्हणजे आभाळाखालची जमीन, ही गोष्ट कायद्याला सुचली नाही; संघटनांनीही ती पुरेशी सुचवली नाही.

गडचिरोलीत अनेक ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात. ठेकेदाराशी होणाऱ्या करारावर त्यांची सही असते. वादळाच्या इशाऱ्याच्या दिवशी संकलन बंद राहील, त्या दिवसाची ठरावीक रक्कम ठेकेदार देईल आणि प्रत्येक फळीवर रेडिओ व प्रथमोपचाराची पेटी असेल, ही तीन कलमे त्या करारात घालण्यासाठी मुंबईच्या परवानगीची गरज नाही. लिलाव मे महिन्याच्या पुष्कळ आधी होतात. कार्यकर्त्यांनी कलमांचा मसुदा तोवर ग्रामसभांपुढे ठेवावा, आणि गोंडपिपरीसारख्या, जेथे लिलाव वन खात्याच्या हाती आहे अशा तालुक्यांत तोच मसुदा घेऊन वनाधिकाऱ्यांच्या दारात बसावे.